गाण्याच्या व्हिडिओत शनिवारवाडा परत उभा करायचाय, कमी पैशात कसं जमेल?

संबळ_आणि_सिंथ

लोकहो, मदत पाहिजे. आमचा छोटा बँड आहे, कोथरूडला एकाच्या पार्किंगमध्ये प्रॅक्टिस चालते, गाणं रेकॉर्ड होऊन मास्टरिंगपण झालं, आता व्हिडिओ करायचाय. गाणं पेशवाईवर वगैरे अजिबात नाहीये, शहर कसं बदलत गेलं असा विषय आहे. पण शेवटच्या ध्रुवपदाला संबळ आणि गिटार एकदम सुटतात तेव्हा मला असं दाखवायचंय की दिल्ली दरवाजासमोर गायक उभा आहे आणि त्याच्या मागे जळून गेलेला वाडा एकेक मजला करत वर येतोय.

ब्लेंडर मला बऱ्यापैकी येतं, आफ्टर इफेक्ट्स कामापुरतं. मित्राकडे मिररलेस कॅमेरा आहे. बजेट म्हणाल तर वडापाव आणि पेट्रोल.

डोक्यात असं आहे की गिम्बल (कॅमेरा थरथरू न देणारा दांडा) घेऊन गायकाभोवती पूर्ण गोल फिरायचं, मग ड्रोन वर, मग आत हजारी कारंजं चालू झालेलं दाखवायचं, मग दिवसाची रात्र आणि सगळीकडे मशाली. आता प्रश्न असे की हलत्या शॉटमध्ये ट्रॅकिंग (कॅमेरा कसा हलला ते सॉफ्टवेअरने शोधणं) टिकतं का, मॅट पेंटिंगवर (मागे बसवलेलं सपाट चित्र) भागेल की सगळं थ्रीडीत बनवू, ते गॉशियन स्प्लॅट का काय म्हणतात त्याचा उपयोग आहे का, आणि समोरची गर्दी कशी उडवायची? रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते.

रोटो_ताई

आयडिया मस्त आहे पण यातलं ऐंशी टक्के आत्ताच्या आत्ता काढून टाक. दिवसभर दुसऱ्यांची रोटो-पेंट (फ्रेमागणिक वस्तू कापून वेगळ्या करणं, पुसणं) करते म्हणून सांगतेय, गोल फिरणाऱ्या गिम्बलमध्ये नुसता वाडा नाही येत, शिवाजी रस्ता येतो, बस येते, फ्लेक्स येतात, वायरी येतात, आणि हे सगळं फ्रेमागणिक पुसत बसायचं. तेवढं करून बघणारा गायकाकडेच बघत असतो.

एकच शॉट कर. ट्रायपॉडवर, कॅमेरा बंदिस्त, फार तर अगदी हळू टिल्ट. पटांगणात जितकं मागे जाता येईल तितकं जा आणि ५० च्या आसपासची लेन्स लाव. मागे का, तर मूळ महाल तटाच्या बराच आत होता, दरवाजाला नाक लावून उभा राहिलास तर वरचं काही दिसणारच नाही. लांबून लांब लेन्सने बघितलं की तो तटाच्या डोक्यावर चढून बसल्यासारखा मोठा दिसतो. शिवाय खालचे मजले तटाच्या आड जातात, म्हणजे ते बनवायचेच नाहीत! तटाची वरची कड सरळ आणि कडक आहे, ती रोटो करायला फार वेळ लागत नाही. तिच्या मागून मजले वर येऊ दे.

दुसरी गोष्ट जी कुणी बघत नाही ती म्हणजे दिल्ली दरवाजाचं तोंड उत्तरेला आहे. सप्टेंबरच्या शेवटापासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य दक्षिणेकडूनच जातो, त्यामुळे त्या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही, दिवसभर मऊ सावली. फोटो काढणारे यावर वैतागतात पण आपल्यासाठी ही लॉटरी आहे, कारण तू बनवलेल्या मजल्यांवर उन्हाच्या कडक सावल्या जुळवायची भानगडच राहत नाही. आणि कॅमेऱ्याचं तोंड दक्षिणेला, म्हणजे मागचं आभाळ भिंतीपेक्षा कितीतरी उजळ, नुसत्या ल्युमा कीवर (उजळपणावरून भाग वेगळा काढणं) आभाळ निघून येतं. फक्त एक्स्पोजर भिंतीला धरून आभाळ पार पांढरं करून फाडू नकोस, थोडं खाली ठेव, नाहीतर उजेड कडेवर सांडतो आणि तटाची कड खाऊन टाकतो. मे ते जुलै मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून जरासा उत्तरेला जातो, तेव्हा ऊन भिंतीवर वरून घासत येतं, दगडाचा पोत छान दिसतो पण मॅचिंग अवघड. तुझं काम हिवाळ्यातलं.

गायकाचं डोकं तटाच्या कडेच्या खाली राहिलं पाहिजे, हे लिहून ठेव. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर लावलास की ते आपोआप होतं. लो अँगलची हिरोगिरी केलीस की केस आभाळात गेले, आणि मग वाऱ्यावर उडणाऱ्या केसांमागे वाडा बसवत रात्री घालवायच्या.

गर्दीसाठी त्याच लॉक फ्रेममध्ये गायकाशिवाय काही मिनिटं रेकॉर्ड कर, त्यातून थोड्या थोड्या अंतराने फ्रेम काढ, फोटोशॉपमध्ये एका स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये टाक आणि स्टॅक मोड मीडियन कर. प्रत्येक पिक्सेलवर निम्म्याहून जास्त वेळ जे दिसलं तेच उरतं, चालणारी माणसं गायब होतात. बसून भेळ खाणारे जात नाहीत, ते हाताने पुसायचे. समोर बाजीरावांचा घोड्यावरचा पुतळा आहे तो आत्ताचा, फ्रेम लावतानाच त्याला बाहेर ठेव.

बोळातला_कॅमेरा

ताईंनी शॉट सांगितला, मी त्याआधीचं सांगतो कारण यात लोक हमखास आपटतात. शनिवारवाडा केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे, १९१९ पासून संरक्षित. हातात फोन घेऊन फोटो काढलास तर कुणी काही म्हणत नाही, पण ट्रायपॉड दिसला की गार्ड आलाच म्हणून समज, आणि गाण्याचं शूटिंग म्हणजे रीतसर लायसन्स. अर्जासोबत सीनचा मजकूर जोडावा लागतो, फी आणि डिपॉझिट भरावं लागतं, आणि छत असलेल्या आतल्या भागात शूटिंगला नियमातच मनाई आहे, म्हणजे नगारखान्यात ड्रमकिट लावायचं स्वप्न असेल तर सोड. बाहेरच्या पटांगणासाठी महापालिका आणि पोलीस वेगळे, त्यांना विचारून ठेव. होऊन जाईल राव म्हणत जाऊ नकोस. २०२२ मध्ये लाल महालात लावणीचं रील शूट झालं त्यावरून गुन्हा दाखल झालेला, तो वाडा इथून चालत पाच मिनिटांवर आहे. पुण्यात असल्या वास्तूंसमोर नाचायच्या आधी कुणाच्या भावना कुठे आहेत ते बघून घ्यावं.

ड्रोन विसर. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा, डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन साइटचा नकाशा उघडून कुठे लाल, कुठे पिवळं ते बघ आणि मग ठरव.

आता कॅमेरा. २५ एफपीएस (सेकंदाला २५ फ्रेम) ठेव, २४ नको. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झ, दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, २५ ला १/५० शटर लावलं की संध्याकाळी लागलेल्या हॅलोजनचे पट्टे येत नाहीत. स्लो मोशन पाहिजे असेल तर ५० वर शूट कर, शटर १/१००, आणि स्पीकरवर गाणं दुप्पट वेगाने लाव, गायकाने त्या वेगाने ओठ हलवायचे. मग २५ च्या टाइमलाइनवर निम्म्या वेगाने लावलंस की कपडे केस सगळं तरंगतं पण ओठ बरोब्बर जुळतात. गायकाला घरी आरशासमोर बसवून हे करून घे, दुप्पट वेगात मराठी जोडाक्षरं म्हणताना जिभेची गाठ बसते.

ट्रायपॉडवर बॉडी आणि लेन्स दोन्हीचं स्टॅबिलायझेशन बंद. सेन्सर आतल्या आत तरंगत राहतो, डोळ्याला कळत नाही पण तुझे मजले जेलीसारखे हलतात. झूम असेल तर टेप लावून एका आकड्यावर पक्का कर, फोकल लेंथ, सेन्सर साइज, लेन्सची उंची, गायकापर्यंतचं अंतर असं सगळं वहीत लिही. लेन्सचं डिस्टॉर्शन काढायला चौकटीचा कागद लागतो, अप्पा बळवंत चौकात कुठेही ए-थ्रीवर प्रिंट काढून मिळेल, त्याच लेन्सने त्याचे दोन-चार फोटो घेऊन ठेव. भिंतीला ट्रॅकिंग मार्कर चिकटवायचा विचारही करू नको, गरजच नाही. दरवाजावरचे टोकदार खिळे, दगडांचे सांधे, वरच्या विटा, ट्रॅकरला याहून चांगलं खाद्य मिळत नाही.

सदाशिव_३०

मूळ वाडा बांधायला १६,११० रुपये खर्च आला होता म्हणतात. तुम्ही लोक लेन्सच्या भाड्यात त्याच्या पुढे जाणार. चालू द्या.

मोडीवाचक

तंत्रातलं मला ओ की ठो कळत नाही, तरी एक सांगतो. आधी साल ठरवा. भूमिपूजन १७३० मध्ये झालं, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला. पण तटबंदी, बुरूज, दरवाजे, कारंजी ही भर नंतरच्या पेशव्यांच्या काळात पडत गेली. तुम्हाला हजारी कारंजं दाखवायचं आहे, ते सवाई माधवरावांच्या बालपणासाठी केलेलं, आणि त्यांचा जन्म १७७४ चा. थोरले बाजीराव १७४० लाच गेले. म्हणजे बाजीराव आणि हजारी कारंजं एका फ्रेममध्ये दाखवलंत तर कमेंटमध्ये आमच्यासारखे शंभर म्हातारे तुटून पडतील, आणि त्यांचं चुकलेलं नसेल. तुमच्या शॉटमध्ये आजचा तट आणि नगारखाना दिसणारच आहे, मग सरळ १७९० च्या आसपासचा काळ धरा, सगळं जुळतं.

कृपा करून राजस्थानी छत्र्या आणि पांढरे घुमट डकवू नका, हल्ली पेशवाई म्हटलं की जयपूरच उभं करतात. वाडा म्हणजे लाकूड, वीट, चुना. सागवान जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडच्या खाणीतला, चुना जेजुरीचा असं सांगतात, तुम्ही ते रंगांसाठी वापरू शकाल. लाकडाचे खांब कसे, महिरपी कशा, हे बघायला बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाडा आहे, १८०७ सालचा, दुसऱ्या बाजीरावांचा, दर्शनी भागाचे सुरूचे खांब अजून जागेवर आहेत. आणि शनिवारवाड्याच्या आतलं बघायचं तर टॉमस डॅनियलचं चित्र शोधा, १७९० च्या तहाच्या वेळचा पेशव्यांचा दरबार त्यात आहे, गणपती रंगमहालातला. डॅनियलने ते जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून केलं, १८०५ मध्ये. खिडकीतून आतलं काही झळकवायचं असेल तर त्याच्याइतका दुसरा आधार नाही.

सगळ्यात वरच्या मजल्याला मेघडंबरी म्हणत. तिथून आळंदीच्या देवळाचा कळस दिसायचा अशी आठवण सांगतात. शेवटचा मजला वर आल्यावर तेवढीच रिकामी ठेवा, माणसं नकोत.

नोडवेडा

काकांचं शेवटचं वाक्य म्हणजे अख्खा एंड शॉट आहे 🙏

ताई, एका बाबतीत माझं जरा वेगळं मत आहे. ऐंशी टक्के काढताना स्प्लॅट, म्हणजे फोटोंवरून बनवलेलं थ्रीडी दृश्य, एकदम टाकून देण्यासारखा नाही. २०२३ मध्ये तो पेपर आला तेव्हापासून लोक अवशेषांवर हेच करतायत, आतले जोते आणि पायऱ्या यांचे हातातल्या कॅमेऱ्याने भरपूर फोटो काढायचे, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करून, प्रत्येक फोटो आधीच्यावर निम्म्याहून जास्त चढलेला, मग कॉलमॅप सॉफ्टवेअरमधून कॅमेऱ्याच्या जागा काढून स्प्लॅट ट्रेन करायचा. ड्रोन न उडवता जोत्यांवरून तरंगत जाणारा शॉट घरी बसून मिळतो. दगडाचा खडबडीतपणा, फटीतलं गवत, असं काही येतं की मॉडेल करायला महिना गेला असता. गाण्याच्या पहिल्या कडव्याला, जिथे फक्त अवशेष दाखवायचे आहेत, तिथे कडक बसेल.

दुसरं, लॉक शॉटच आहे तर व्हिडिओ प्लेटच (ज्यावर इफेक्ट बसवायचा ते मूळ चित्रण) कशाला पाहिजे? २४ मेगापिक्सेलचा फोटो फोरके फ्रेमच्या जवळपास तिप्पट असतो. फोटो हीच प्लेट, त्यात हळू पॅन करायलाही जागा उरते. गायकाला गच्चीवर हिरव्या कापडासमोर उत्तरेच्या सावलीत उभा कर, उंची आणि अंतर तेच, लेन्स तीच. पटांगणात स्पीकर लावून ओरडायचं टळलं.

रोटो_ताई

स्प्लॅट पहिल्या कडव्याला, हो, ते चालेल. माझं म्हणणं एवढंच की त्यात प्रकाश भाजून आलेला असतो, ज्या वेळी फोटो काढले त्या वेळचंच ऊन. त्यावर मशालीचा उजेड पाडता येत नाही सहज, म्हणून मुख्य शॉटला नको. फोटोची प्लेट घेतलीस तर मात्र त्यात जीव घालायला लागेल, नाहीतर मागे कॅलेंडर लावल्यासारखं दिसतं. झेंडा हलला पाहिजे, पारवे उडाले पाहिजेत, थोडं धुकं सरकलं पाहिजे, आणि कॅमेऱ्याचा नॉइज गायकावर आहे तसाच मागेही पाहिजे. पारव्यांचा आणखी एक फायदा, ते उडाले की वाडा किती मोठा आहे ते लगेच कळतं.

बोळातला_कॅमेरा

फोटोवर व्यावसायिक गाणं करणार असाल, मॉनेटाइज वगैरे, तर तेही खात्याला विचारूनच. ट्रायपॉड नाही म्हणजे परवानगी नाही असं समजू नका.

संबळ_आणि_सिंथ

बापरे, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. ठरलं मग, गिम्बल गेला, ड्रोन गेला, कारंजं पण गेलं (काका, धन्यवाद, आमचा ड्रमर बाजीरावाचा फेटा शिवायला टाकणार होता). आतल्या जोत्यांचा स्प्लॅट सुरुवातीला आणि शेवटी एक लॉक शॉट. अर्ज आधी करतो, नाही मिळालं तर फोटो आणि गच्चीच्या वाटेने जाऊ, अर्थात तेही विचारूनच.

दोन गोष्टी अजून. मजले वर येताना नक्की काय दिसलं पाहिजे, नुसते सरकत वर आले तर लिफ्टसारखं वाटेल. आणि मशाली खऱ्या नेता येणार नाहीत हे कळतंय, मग कसं? गाणं १०० बीपीएमचं (मिनिटाला १०० ठोके) आहे.

रोटो_ताई

१०० बीपीएम आणि २५ एफपीएस! मग हिशोब फारच सोपा आहे. एक ठोका म्हणजे ०.६ सेकंद म्हणजे बरोब्बर १५ फ्रेम. २४ वर गेला असतास तर १४.४ आले असते आणि प्रत्येक ठोक्याला अर्धी फ्रेम इकडे तिकडे करत बसला असतास. एका मजल्याला दोन ठोके दे, ३० फ्रेम. तटाच्या वर चार मजले दिसणार असतील तर १२० फ्रेम, पाचेक सेकंदांत खेळ खल्लास. गाण्याच्या व्हिडिओत याहून लांब इफेक्ट ठेवू नये, लोक चुका शोधायला लागतात.

लिफ्ट होऊ नये म्हणून उलटं कर. मजला पूर्ण बनव, ब्लेंडरच्या सेल फ्रॅक्चरने तुकडे कर, रिजिड बॉडीने (पडण्याचं सिम्युलेशन) पाड, बेक कर म्हणजे ती हालचाल साठवून ठेव, आणि मग ते उलट चालव. विटा खालून उडून जागेवर येऊन बसतात. पण नुसतं उलट चालवलं की धूळपण आत खेचली जाते आणि लगेच कळतं, म्हणून धूळ वेगळी कर, सरळ चालणारी, आणि ती नेमकी संबळाच्या थापेवर उडव. म्हणजे ३० तल्या पहिल्या २० फ्रेममध्ये तुकडे येतात, मग दहा फ्रेम सगळं स्थिर, धूळ खाली बसते, पुढची थाप. ते स्थिर राहणं महत्त्वाचं, नाहीतर डोळ्याला काही लागतच नाही. लाकूड आणि वीट एकदम आणू नको, आधी खांब आणि तुळया, मग त्यामध्ये विटांचा भराव, बांधतात तसं.

लांबच्या मजल्यांचा काळा रंग कधी पूर्ण काळा ठेवू नकोस. तटाच्या मागच्या झाडांच्या सावल्या किती उजळ आहेत ते पिकरने बघ आणि तुझ्या मजल्यांचे काळे तिथपर्यंत उचल. निम्मं मॅचिंग तिथेच होतं. लाइटिंगसाठी तुळशीबागेतून मोठा चकचकीत स्टीलचा डाव घे, गायकाच्या जागेवर त्याची पाठ कॅमेऱ्याकडे करून वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो काढ. अर्ध्या आभाळाची माहिती त्यात येते. बाजारात क्रोमचा गोळा मिळतो पण वडापावच्या बजेटात डाव बरा.

नोडवेडा

मशालीचं मी सांगतो. खरी ज्योत रात्री गच्चीवर शूट कर, मागे काहीच नको, पूर्ण काळोख, आणि एक्स्पोजर इतकं खाली की ज्योतीच्या आतला पिवळा पांढरा होऊन फाटणार नाही. मग ती क्लिप स्क्रीन किंवा ॲड ब्लेंड मोडवर टाक, काळा आपोआप जातो, कीइंग वगैरे काही लागत नाही. पण ज्योत टाकून भागत नाही, तिचा उजेड गायकावर पडायला पाहिजे, आणि तो नंतर टाकता येत नाही. म्हणून शूटच्या वेळी काठीला एक छोटा एलईडी लाव, त्यावर नारिंगी जिलेटिन, आणि कुणीतरी बाजूला उभं राहून तो हलवत राहायचं. दिवसा तो फिका पडेल म्हणून हे संध्याकाळी उजेड उतरताना घे, आणि मजल्यांची प्लेट त्याच जागेवरून दुपारी. ट्रायपॉडचे पाय जिथे आहेत तिथे फरशीवर खडूची खूण.

दिवसाची रात्र करायला त्या उत्तरेच्या सावलीचा परत फायदा आहे, कडक ऊन नसल्यामुळे नुसतं एक्स्पोजर खाली आणि निळ्याकडे नेलं की भिंत रात्रीची वाटते. आभाळ तर तू बदलणारच आहेस.

बोळातला_कॅमेरा

खडू नको रे, संरक्षित वास्तूच्या फरशीवर खडू आणि गार्डची शिट्टी एकदमच येईल. बाहेर पटांगणात असलात तरी नको. पायांखाली जाड पुठ्ठा ठेव, त्यावर मार्करने पायांची जागा आखून ठेव, पुठ्ठा कुठे होता त्याचा दोन बाजूंनी फोटो काढ. आणि दुपार ते संध्याकाळ ट्रायपॉड हलवूच नको, एकाला तिथेच बसव, बॅटरी कॅमेरा न उघडता बदलता यावी म्हणून डमी बॅटरी आणि पॉवरबँक.

सदाशिव_३०

तिथे बसायला मी येतो. दुपारी १ ते ४ तसंही काही काम नसतं.